कमी करायचं यंत्र

गिटारवाले पायाशी मांडून ठेवतात ती पेडलं बहुतेक भर घालणारी असतात. एक आवाज फाडतं, दुसरं घुमवतं, तिसरं वाजवलेला सूर मागाहून पुन्हा ऐकवतं. त्यांच्या रांगेत व्हॉल्यूम पेडल जरा उपऱ्यासारखं दिसतं. त्याच्या साध्या प्रकारात बॅटरी नसते, ट्रान्झिस्टर नसतो, दिवाही लागत नाही. आत एक पोटेन्शियोमीटर असतो. बाजारात त्याला पॉट म्हणतात. रेडिओचं आवाजाचं बटण फिरवलं की त्याच्यामागे जो वाटोळा भाग फिरतो, तोच हा. त्याशिवाय वायरी खुपसायला दोन जॅक. पाय पुढे दाबला की गिटारचा सिग्नल आला तसा पुढे जातो. टाच खाली नेली की त्यातला थोडा थोडा वाटा ग्राउंडकडे वळतो. पूर्ण दाबलेलं पेडल म्हणजे फार तर मध्ये नसल्यासारखं पेडल. त्याला वाढवता येत नाही, कमी तेवढं करता येतं.

पॉटला पाय तीन, वायरीही तीनच. यात बिघडायला जागा ती किती, असं पाहणाऱ्याला वाटतं. भाच्याने घरी केलेल्या पेडलशी बसून मी जे पाहिलं त्यावरून माझं मत असं झालं आहे, की वाढवण्यापेक्षा कमी करणं कठीण. वाढवताना राहिलेल्या उणिवा गोंगाटात खपून जातात. कमी करताना किती कमी झालं, कुठून झालं आणि कुणाच्या वाट्याचं झालं, हे लगेच उघडं पडतं.

भाचा कॉमर्सला आहे, मित्रांबरोबर गिटार वाजवतो. तयार पेडलची किंमत ऐकून त्याने प्लायवूडचे दोन तुकडे मिळवले, त्यांना दाराची बिजागरी लावली, मध्ये एक स्प्रिंग अडकवली आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास फिरून बाकीचं सामान आणलं. पायाची हालचाल वरखाली आणि पॉटची गोल. हा मेळ त्याने दोरीने घातला. पॉटच्या दांड्यावर शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ बसवलं, त्याला दोरी गुंडाळली आणि तिचं टोक वरच्या फळीला बांधलं. जुन्या रेडिओत स्टेशन दाखवणारा काटा असाच दोरीवर सरकायचा. ही कल्पना त्याला कुणी दिली हे त्याने सांगितलं नाही. पण माझ्या भावाकडे माळ्यावर एक उघडलेला रेडिओ आहे, हे मला माहीत आहे.

"आत्या, तू एक्स्चेंजमध्ये होतीस ना? मग हे बघ," म्हणून तो पेडल घेऊन आला.

मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल जोडून देणाऱ्या टेलिफोन कचेरीत, ऑपरेटर होते. दुरुस्ती हा टेक्निशियन लोकांचा प्रांत. आमच्या हाती स्क्रू ड्रायव्हर कुणी दिला नसता. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पीपी, हे कॉलचे प्रकार म्हणजे आमचं जग. पण वर्षानुवर्षं कानाला हेडसेट लावून बसणाऱ्या बाईला बिघाड ऐकू येतो. कॉर्ड प्लगच्या मानेशी तुटत आली की कशी खरखरते, लाइन कुठे उघडी पडली की आवाज कसा पोकळ होतो, शेजारच्या लाइनवरचं बोलणं आपल्या लाइनीत कसं झिरपतं, हे शिकवावं लागत नाही. टेक्निशियनला बोलवायच्या आधी आम्ही एकच प्रश्न सोडवून ठेवायचो: बिघाड आपल्या बाजूला आहे की पलीकडच्या? तेवढं सांगितलं तरी त्याचं अर्धं काम व्हायचं.

भाच्याच्या गिटारची वायर हातात घेतली आणि प्लगची ओळख पटली. जाडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. एकोणिसाव्या शतकात टेलिफोनच्या स्विचबोर्डासाठी निघालेला हा प्लग. पुढे टेलिफोनने त्याला सोडलं, पण गिटारने सोडलं नाही. आमच्या प्लगच्या टोकाचा घाट जरा गोलसर असायचा आणि अंगाचे भाग तीन: टिप, रिंग, स्लीव्ह. गिटारच्या प्लगला रिंग नसते. टिपेवरून सूर येतो, स्लीव्ह म्हणजे ग्राउंड. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे हे तुमचंच आहे." मला ते ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही.

त्याची तक्रार चमत्कारिक होती. टाच खाली नेली तरी आवाज कमी होत नव्हता, नुसता कोंदत होता. गिटारवर कुणी जाड चादर टाकावी तसा नव्हे, त्याहून सौम्य. तारेचा झणका जायचा आणि खालचा गोळीबंद भाग तेवढाच राहायचा. त्याने आल्या आल्या सगळे स्क्रू काढायला घेतले. मी थांबवलं. पेडल बाजूला ठेवून गिटार थेट ॲम्पला लावायला सांगितली, आधी एका वायरीने, मग दुसऱ्या वायरीने. दोन्ही वायरी ठणठणीत निघाल्या. मग पेडल मध्ये घेऊन प्लग हलवून पाहिले, खरखर नाही. आता बिघाड दोन जॅकच्या मधल्या वीतभर जागेत कोंडला गेला होता. नवख्या माणसाला हा भाग वेळखाऊ आणि कंटाळवाणा वाटतो. त्याला उघडायची घाई असते, आणि उघडल्यावर एकदम चार गोष्टी बदलायची. मग पेडल सुरू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा चार गोष्टी.

मल्टिमीटर त्याच्याकडे होता, स्वस्तातला पण पुरेसा. पॉट २५० किलोओमचा. गिटारमध्ये तारांचा सूर टिपणाऱ्या साध्या पिकअपला एवढा मोठा रोध लागतो. १०-२० किलोओमचा पॉट लावला तर पिकअपवर भार पडून, पेडल पूर्ण दाबलेलं असतानाही आवाजाची धार जाते. त्याने मीटरच्या दोन सळया पॉटच्या कडेच्या दोन पायांवर धरल्या आणि आकडा भलताच कमी आला. दोन्ही हातांची बोटं सळयांच्या टोकाला लागली होती. एवढे मोठे रोध मोजताना आपलं अंगही मोजलं जातं. बोटं मागे घेतल्यावर आकडा अडीचशेच्या जवळ आला. म्हणजे पॉट शाबूत. मग पॉटच्या ग्राउंडच्या पायावर एक सळई आणि जॅकच्या स्लीव्हवर दुसरी. तिथे मीटर बोललाच नाही.

सोल्डर तर दिसत होतं, चांगलं टपोरं. नीट पाहिल्यावर कळलं की ते पॉटच्या पायावर अळवाच्या पानावरच्या थेंबासारखं बसलं होतं, कुठेही न भिजवता. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. कथील-शिशाची साठ-चाळीस तार १९० अंशांच्या आत वितळते, त्यामुळे सोल्डरची इस्त्री नुसती तारेला लावली तरी थेंब पडतो आणि काम झाल्याचा भास होतो. तापवायचा असतो तो पाय. त्यावर गंजाचा पापुद्रा असेल तर आधी ब्लेडने खरवडायचा, मग पाय आणि वायर दोन्ही तापवायची आणि तार इस्त्रीला न लावता त्यांना लावायची. पसरली तर चिकटली.

पण ग्राउंड सुटल्यावर आवाज का कोंदतो, हे त्याला कळेना. मीही ते कागदावर मांडून पाहिलं तेव्हाच पटलं. पॉटचा तिसरा पाय अधांतरी असला की सिग्नलला जमिनीकडे वाट उरत नाही. त्याला ॲम्पकडे जावंच लागतं, फक्त वाटेत रोध लागतो, टाच जितकी खाली तितका जास्त, शेवटी अख्खे २५० किलोओम. पण ॲम्पचा स्वतःचा रोध सहसा १० लाख ओमच्या घरात असतो. त्या हिशेबाने सिग्नलचा पाचवा भाग तेवढा गळतो. कानाला तो जेमतेम जाणवतो. मात्र गिटारची वायर ही नुसती वायर नसते. आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो, मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडचा. वाटेत मोठा रोध आला की उंच स्वर या जाळीवाटे गळून जातात आणि खालचे टिकतात. पाच मीटर वायर धरली तर गळती दीड-दोन हजार हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. त्याच्या पेडलचं कमी करण्याचं काम चालू होतं, पण घास जात होता तो एकट्या झणक्याचा.

इथे एक गंमत सांगायला हवी. गिटारच्या जगात 'वा-वा' नावाचं एक प्रसिद्ध पेडल आहे. पाय हलवला की गिटार बोबडं बोलल्यासारखी वाजते. १९६६ साली अमेरिकेत थॉमस ऑर्गन कंपनीतल्या ब्रॅड प्लंकेट यांनी ते घडवलं तेव्हा त्यासाठी सांगाडा वापरला होता व्हॉक्स ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलचा. आवाजाची पातळी बदलणारी फळी त्यांनी आवाजाचा रंग बदलायला लावली. भाच्याला मी म्हटलं, तुझंही त्याच वाटेवर निघालं होतं, फक्त नकळत.

ग्राउंडचा पाय नीट जोडला आणि पेडल खरोखर आवाज कमी करू लागलं. दोघांनाही आनंद झाला, पण तो काही टिकला नाही. आवाज कमी होत होता तो सगळा शेवटच्या बोटभर अंतरात. तीन चतुर्थांश फळी खाली येईपर्यंत फरक म्हणून नाही आणि मग टाचेशी एकदम कडेलोट. भाच्याने दुकानदाराला दोष दिला: लॉग मागितला होता, लिनियर दिला. मला दुकानदाराची बाजू घ्यायचं कारण नव्हतं, तरी आधी पॉटवरचं अक्षर वाचायला सांगितलं. आकड्याआधी ए होतं. हल्ली ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर. पॉट बरोबर होता.

लॉग आणि लिनियर हा नुसता दुकानातला तपशील वाटतो, पण तो आपल्या कानाच्या घडणीतून आलेला आहे. लिनियर पॉट अर्ध्यावर आणला की सिग्नल बरोबर अर्धा होतो. कानाला मात्र तो निम्मा वाटत नाही, थोडासाच उतरल्यासारखा वाटतो. निम्मा वाटायला तो एक तृतीयांशाच्याही खाली आणावा लागतो, आणि त्याच्या निम्म्यासाठी पुन्हा त्याच्या तिसऱ्या हिश्शाला. एर्न्स्ट वेबर यांच्या प्रयोगांवरून गुस्टाव्ह फेख्नर यांनी १८६० साली मांडलं ते हेच: बाहेरची गोष्ट पटीने बदलते तेव्हा आत आपल्याला ती पायरीने बदलल्यासारखी वाटते. म्हणून लॉग पॉट मुद्दामच वाकडा बनवतात. त्याचा दांडा मध्यावर आणला की रोधाचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा एका बाजूला आणि उरलेला सगळा दुसऱ्या बाजूला असतो. कानाची वक्रता आणि पॉटची वक्रता एकमेकींना खोडून काढतात आणि पायाला सरळ उतार मिळतो.

इथे माझं जुनं खातं मध्ये आलं. डेसिबेल हे माप टेलिफोनवाल्यांनी काढलेलं आहे. लांब अंतरावर बोलणं किती क्षीण होतं हे मोजायला अमेरिकेतले अभियंते आधी 'प्रमाण केबलचा एक मैल' असं माप वापरत. १९२४ साली बेल कंपनीच्या लोकांनी त्याऐवजी ट्रान्समिशन युनिट आणलं आणि १९२८ साली त्याला ग्रॅहम बेल यांच्या नावावरून डेसिबेल म्हणू लागले. ते ठरवताना त्याचा आकार जुन्या मैलाच्या जवळपास राखला. मैलभर केबलमुळे आवाज जेवढा उतरायचा तेवढा साध्या माणसाला जेमतेम ओळखू यायचा. आज पुण्यात डेसिबेल म्हटलं की गणपतीतल्या स्पीकरच्या भिंती, निवासी भागातली दिवसाची ५५ आणि रात्रीची ४५ ची मर्यादा आणि ती मोडल्याच्या बातम्या आठवतात. त्या मापाचा जन्म मात्र गोंगाटातला नाही, हरवत चाललेल्या आवाजाच्या हिशेबातला आहे. ट्रंक कॉलवर लोक जीव खाऊन ओरडायचे त्याचं कारण हेच मैल. आम्हाला ते मैल कमी करता येत नसत. "जरा जोरात बोला" एवढंच म्हणता येई.

परत पॉटकडे. पॉट लॉगच, तरी वागणूक अशी उफराटी का? मी त्याला दांडा मध्यावर ठेवून ग्राउंडच्या बाजूचा रोध मोजायला सांगितला. यायला हवे होते पंचवीस-तीस किलोओम, आले सव्वादोनशेच्या पुढे. आकड्याकडे पाहत तो म्हणाला, "मी वायरी बदलल्या होत्या." सुरुवातीला त्याचं पेडल उलटं चालायचं, पाय पुढे दाबला की आवाज बंद. त्यावर त्याने कडेच्या दोन वायरींची अदलाबदल केली होती. लिनियर पॉट असता तर हा उपाय शंभर टक्के चालला असता, कारण त्याला डावंउजवं नसतं. लॉग पॉटला असतं. वायरी उलटल्यावर दिशा सुधारली, पण पॉटची वक्रता कानाच्या विरुद्ध बसली आणि सगळा उतार एका टोकाला जाऊन गोळा झाला. शिवाय ड्राय सोल्डर पडलं तेही त्याच अदलाबदलीत. पहिल्या बिघाडाच्या उपायातून दुसरे दोन निघाले होते आणि त्यांतला एक दुसऱ्याला झाकून बसला होता.

खरा उपाय विजेचा नव्हताच. वायरी होत्या तशा पुन्हा लावायच्या आणि दोरी रिळावर उलट्या बाजूने गुंडाळायची. पॉट उलटा फिरू लागला, पाय सुलटा. हे त्याला इतकं आवडलं की त्याने दोरी सोडून पुन्हा तसंच करून दाखवलं, मी पाहत असताना.

मग तो वाजवायला बसला आणि हे यंत्र लोकांना का हवं असतं ते मला समजलं. छेडलेल्या तारेचं नशीब ठरलेलं असतं. सतार असो, सरोद असो की गिटार, नखीचा आघात झाला तो तिचा सगळ्यात मोठा क्षण, त्यानंतर उतरणच. फुगत जाणारा सूर गजाच्या वाद्यांकडे असतो, सारंगीकडे, व्हायोलिनकडे. गिटारवाला पेडल खाली ठेवून तार छेडतो. आघात कुणाला ऐकू येत नाही. मग पाय हळूहळू दाबला की सूर कुठूनसा उगवून मोठा होत येतो. तारेत भर पडलेली नसते, ती तर विझतच असते. पायाने आधी अडवून ठेवलेलं आता सोडलेलं असतं, एवढंच. अमेरिकेतल्या कंट्री संगीतातले पेडल स्टील गिटारवाले यात मुरलेले असतात. त्यांचा डावा पाय स्वर बदलणाऱ्या पेडलांवर आणि उजवा सतत व्हॉल्यूम पेडलवर. छेडताना ते पेडल पूर्ण दाबत नाहीत, काही हातचं राखतात, आणि तार जसजशी ओसरेल तसतसं राखलेलं देत जातात. ऐकणाऱ्याला सूर न ओसरणारा वाटतो.

आपल्या संगीत नाटकांच्या ऑर्गनमध्ये हेच काम गुडघ्याकडे असायचं. दोन्ही पाय भात्यात गुंतलेले, हात पट्ट्यांवर, म्हणून पट्ट्यांखालचा खटका गुडघ्याने बाजूला सारायचा. त्याने आतली झडप उघडते आणि कोंडलेला आवाज बाहेर येतो. तिथेही वाढ अशी नाहीच. सूर आत पूर्णच वाजत असतो. नाट्यगृहात पुढच्या रांगेत बसून नटाच्या तोंडाकडे सगळेच पाहतात. साथीदाराचा गुडघा पाहावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

पेडलमधून गुणगुण यायला लागली ती वेगळ्याच दिवशी, भाच्याच्या खोलीत. लाकूड विजेच्या लहरी अडवत नाही. बाजारातल्या पेडलांचा डबा धातूचा असतो तो मजबुतीसाठी जसा, तसाच आडोशासाठी. प्लायवूडच्या पेटीत उघड्या वायरी म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटना आणि चार्जरना आवतण. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची भुणभुण बहुधा दुप्पट, १०० हर्ट्झवर ऐकू येते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला येणारा जी ९८ हर्ट्झचा. भाचा म्हणाला की ती भुणभुण त्या जीपेक्षा किंचित चढी आहे. त्याच्या कानाची मला त्या क्षणी खरी कदर वाटली. बिघाडाचाही स्वर लावून पाहतो म्हणजे पोरगं वाया गेलेलं नाही.

पेटीला आतून स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल लावायची आणि ती ग्राउंडला जोडायची, हे सोपं. अडचण अशी की ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर चिकटत नाही. म्हणून वायरीचं टोक वॉशरखाली दाबून स्क्रूने आवळलं. गुणगुण गेली, आणि तिच्याबरोबर गिटारही गेली. एकदम सामसूम. मला ही सामसूम सगळ्या बिघाडांत आवडते, कारण ती लपवाछपवी करत नाही. फॉइलची कड इनपुट जॅकच्या टिपेला टेकली होती आणि सगळा सिग्नल तिथेच जमिनीत जात होता. कड कापून खाली पुठ्ठा सरकवला. कमी करायचं यंत्र इतकं कार्यक्षम झालेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

दोरीचा भाग मात्र चिवट निघाला. टाच पूर्ण खाली नेल्यावरही बारीक आवाज उरायचा. दोरी सोडून पॉट हाताने शेवटपर्यंत फिरवला तर आवाज पूर्ण बंद. म्हणजे वीज ठीक, भूमिती चुकलेली. पॉट फिरतो साधारण ३०० अंश, पूर्ण फेराही नाही. फळीचं टोक हलतं चार सेंटिमीटर. या चार सेंटिमीटरांत ३०० अंश बसवायचे तर चाकाचा व्यास पंधरा-सोळा मिलिमीटर हवा. त्याचं रीळ बावीसचं होतं. मोठ्या चाकावर तेवढीच दोरी ओढली तर ते कमी फिरतं आणि शून्यापर्यंत पोचतच नाही. हे गणित शाळेतल्या परिघाचंच. व्यास भरेल असं जाड मार्कर पेनचं टोपण शोधून दांड्यावर चिकटवलं. चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा आवाज उरू लागला. कारण दोरी म्हणून त्याने तंगूस लावला होता, मासे पकडायचा. नायलॉन ताणलं की लांबतं आणि हळूहळू लांबतच राहतं. रेडिओवाले विणलेली दोरी वापरायचे ते उगीच नव्हे. ती दोरी त्याला शेवटी माळ्यावरच्या त्या रेडिओतूनच काढावी लागली. भावाने पाहिलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण रेडिओ आता माझ्याकडे आणून ठेवला आहे.

आता एकच गोष्ट राहिली आहे आणि तिच्यावरून आमचं पटत नाही. पेडल अर्ध्यावर असताना झणका अजूनही थोडा कमी येतो. हा बिघाड नव्हे, या रचनेचा स्वभाव आहे. २५० किलोओमचा पॉट विजेच्या हिशेबाने मध्यावर असतो तेव्हा पुढच्या वायरीला मागे ६२ किलोओमच्या आसपास रोध दिसतो, आणि पाच मीटर वायरीत ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर ओसरायला लागतात. उपाय आहे. पॉटच्या मधल्या पायानंतर लगेच बफर नावाचं एक छोटं सर्किट बसवायचं: एक जेफेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर आणि मोजके रेझिस्टर. मग पुढची वायर कितीही लांब असो.

भाचा नको म्हणतो. त्याचं म्हणणं, गिटारच्या ॲम्पचा स्पीकर तसाही ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, आणि आवाज हळू होताना जरा मऊ झाला तर त्याला तो बरा वाटतो, दूर गेल्यासारखा. "शिवाय आत्या, बफरला नऊ व्होल्टची बॅटरी लागणार. आत्ता हे स्टेजवर कधी बंद पडू शकत नाही." बंद पडण्याचे इतके प्रकार एकाच पेडलमध्ये पाहून झाल्यावरही तो हे ठामपणे म्हणतो. दूर गेलेला आवाज मऊ होतो हे मला सांगायला नको, माझी नोकरीच त्यात गेली. पण तिथे तो मैलांमुळे मऊ व्हायचा आणि आम्हाला ते चालवून घ्यावं लागे. इथे वीतभर पेटीत ते का चालवून घ्यायचं?

जेफेट आणि बॅटरीची टोपी मी आणून ठेवली आहे. कॉलेजचं गॅदरिंग झालं की पेडल इकडेच येणार आहे, दोरी तपासायला.